गणेशोत्सवातला कचरा: सूचनेच्या अर्जापासून खताच्या चाळणीपर्यंत

पश्चिम इंदूरमधल्या आमच्या मराठी वस्तीत दहा दिवसांचा गणपती बसतो. रोज आरतीला दीड-दोनशे माणसं असतात आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी अकराशे पानांचा महाप्रसाद. २०२५ साली हा उत्सव डिस्पोजेबल न वापरता करायचा आणि ओला कचरा होईल तेवढा जागच्या जागी जिरवायचा असं मंडळात ठरलं. ज्यांना पुढच्या वर्षी हे करायचंय त्यांच्यासाठी सगळा क्रम इथे लिहून ठेवतोय. आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमच्याकडची माणसं कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात धरा.

काम जुलैत सुरू झालं, आणि पहिल्या बैठकीत कचऱ्याच्या डब्यांचा विषयच निघाला नाही. आधी मागच्या वर्षीची खरेदीची बिलं काढली. मांडवात जे आत येतं तेच दहाव्या दिवशी पोत्यात भरून बाहेर जातं, त्यामुळे बिल वाचलं की कचऱ्याची यादी आपोआप तयार होते. आमच्या यादीत पत्रावळी-द्रोण, कागदी कप, पाण्याच्या छोट्या बाटल्या, थर्मोकोलची मखर, फ्लेक्स, हारांमधली चमकी आणि पेढ्यांचे खोके होते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे: प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यावरची पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी, सजावटीचं थर्मोकोल, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. म्हणजे निम्मी यादी कायद्यानेच छाटून दिली होती.

कागदी कप मात्र त्या यादीत नाही, आणि लोक त्यालाच 'इको-फ्रेंडली' म्हणून मिरवतात. कपाच्या आत पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो असल्यामुळे कप खतात जिरत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. मशीनवर दाबलेल्या पत्रावळींमध्येही बऱ्याचदा दोन पानांच्या मध्ये किंवा वरून प्लॅस्टिकची फिल्म असते. ओळखायचं कसं? पत्रावळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि हाताने फाडा. पान फाटून मागे ताणलं जाणारं काही उरलं, तर ती फिल्म. सियागंज बाजारातून आणलेल्या नमुन्यांची आम्ही अशीच परीक्षा घेतली. खाखऱ्याच्या (पळसाच्या) पानांच्या, काडीने टाचलेल्या पत्रावळी तेवढ्या पास झाल्या. त्या रोजच्या प्रसादाच्या द्रोणांपुरत्या घेतल्या. महाप्रसादाला स्टीलच.

बॅनर कापडाचा, रंगाने लिहिलेला. त्यावर साल लिहू नका. सालाची वेगळी पट्टी करून टाके घाला, म्हणजे पुढच्या वर्षी पट्टी बदलली की झालं.

आता अर्जाचं. २०२५ साली लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर स्थानिक संस्थेला, म्हणजे महापालिकेला, किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागत होतं. कचरा जागीच वेगळा करून ठरलेल्या यंत्रणेच्या हवाली करणं ही आयोजकाची जबाबदारी होती. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: नियमात कळवायचं होतं, परवानगी मागायची नव्हती. त्यामुळे लेखी उत्तराची वाट बघत बसायची गरज नव्हती, पण कळवल्याचा पुरावा हातात हवा. पोलीस परवानगी आणि तात्पुरतं वीज कनेक्शन ही प्रकरणं वेगळी, त्यांचे कागद वेगळे.

चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. शनिवार-रविवार कामकाजात धरायचे नाहीत, म्हणून शुक्रवार, २२ तारीख ही आमची खरी शेवटची तारीख. अर्ज सोमवारी, १८ तारखेला महापालिकेच्या झोन ऑफिसात दिला. अर्ज हिंदीत, एका पानाचा, दोन प्रतींत. त्यात मंडळाचं नाव आणि जागा, कार्यक्रमाचे दिवस, रोजची अंदाजे उपस्थिती, महाप्रसादाची तारीख आणि पानांची संख्या, ओला-सुका कचरा किती किलो निघेल याचा अंदाज, गाडी किती वाजता हवी ते, आणि दोन माणसांचे फोन नंबर. दोन अशासाठी की एकाचा फोन आरतीच्या गोंधळात ऐकू येणार नाही हे धरूनच चालायचं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. ही शिक्क्याची प्रत पुढे सगळ्यात जास्त कामाला आली, कारण प्रत्यक्ष गाडी पाठवणारा माणूस म्हणजे वॉर्डाचा दरोगा, सफाईवर देखरेख करणारा. त्याला प्रत दाखवून वेळ तोंडी पक्की करून घ्यायची, आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन. जादा फेरीचं शुल्क लागलं तर पावती घ्या. मंडळाच्या ऑडिटला ती लागते. महापालिकेचं तक्रारींचं इंदूर ३११ ॲप फोनवर टाकून ठेवा.

जेवण वाटायचं असेल तर खाद्यसुरक्षेच्या नोंदणीकडेही बघावं लागतं. धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. छोट्या नोंदणीचं शुल्क २०२५ साली वर्षाला १०० रुपये होतं. आमच्या हलवायाची नोंदणी होती, तिची प्रत फाइलला लावली आणि विषय संपला.

भांड्यांचा हिशेब मात्र सावकाश करा. अकराशे पानांसाठी अकराशे ताटं लागत नाहीत. पंगत दोनशेची, एका पंगतीला साधारण चाळीस मिनिटं. एक पंगत जेवत असते, एकीची ताटं धुतली जातात आणि एक संच कोरडा होऊन पुढच्या पंगतीला तयार असतो. म्हणजे सहाशे संचांत भागतं. आधी बर्तन बँकेत, म्हणजे कार्यक्रमांना भांडी वापरायला देणाऱ्या ठिकाणी, चौकशी करावी. आमची संख्या मोठी म्हणून टेंट हाऊसकडून घेतले. ताट, दोन वाट्या आणि पेला मिळून नऊ रुपये संच. चमचे घेतले नाहीत. चमचा उष्ट्याबरोबर बादलीत जातो, तिथून गाडीत, आणि मग टेंट हाऊस त्याचे पैसे कापून घेतं. पंगतीत वरण-भात, पुरी, भोपळ्याची भाजी, कोशिंबीर, शिरा आणि मठ्ठा हे हातानेच खातात. चमचा कुणी मागितलाच नाही. भांडी घेताना मोजून घ्या आणि ताटांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून ठेवा. परत देताना रात्री अकरा वाजता सहाशे ताटं सुटी मोजण्याची ताकद कुणातच उरत नाही.

धुण्यासाठी चार टप. पहिल्यात फक्त खरकटं विसळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्या-चौथ्यात साधं पाणी. पहिल्या टपाचं पाणी दर पंगतीला बदलायचं आणि चौथ्याचं पाणी मागे तिसऱ्यात ओतत यायचं. असं केलं की संचामागे दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. नळाखाली धुतलं तर सहज दुप्पट. पाच हजार लिटरच्या एका टँकरमध्ये धुणं आणि स्वयंपाक दोन्ही झालं. धुतलेलं पाणी गटारात सोडण्याआधी मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा, नाहीतर भाताची शितं चेंबर तुंबवतात. धुण्याच्या जागी झगझगीत दिवा हवा. अंधारात धुतलेली ताटं तेलकटच राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा होते.

फुलवाल्याशी बोलणं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उरकलं. अट एकच: हार सुती दोऱ्यात, चमकी, थर्मोकोलचे मणी आणि प्लॅस्टिकची फुलं नकोत. त्याने हारामागे दहा रुपये जास्त सांगितले, दिले. यामागे कारण आहे. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प आहे, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा. कचऱ्याचा रगडा करून तो हवाबंद टाक्यांत कुजवतात, निघालेला वायू शुद्ध करून शहर बसना देतात आणि उरलेल्या गाळाचं खत होतं. अशा प्रकल्पात कचरा नुसता ओला असून भागत नाही, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसावं लागतं. नायलॉनचा दोरा कुजत नाही. तो पंपांना आणि ढवळणीच्या दांड्यांना गुंडाळत जातो. घरोघरच्या खताच्या पिंपातही तेच, उलटताना फावड्याला जाळं लागतं. दोरा वेगळा काढायचं काम दहा दिवस रोज करण्यापेक्षा तो येऊच न देणं स्वस्त पडतं.

निर्माल्य रोज सकाळी पूजेनंतर मोजलं. साध्या दिवशी पाच-सहा किलो, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी दुप्पट. हार कात्रीने एका जागी कापून दोरा ओढून काढायचा, फुलं मोकळी करायची. कापूर-उदबत्तीची वेष्टनं, विड्याच्या सुपाऱ्या, नाणी, वस्त्रमाळ बाजूला. नारळाच्या करवंट्या खतात घालू नका, वर्षभरातही त्यांचं काही होत नाही. शेंड्या सुट्या करून चालतात. केळीचे खुंट वीतभर तुकडे करून घातले तरच कुजतात आणि त्यात पाणी फार असतं, तेव्हा त्या दिवशी कोरडा पाला जास्त घाला.

आमचं खताचं पिंप म्हणजे लोखंडी वेल्डेड जाळी. चार फूट उंचीची, अकरा फूट लांब घेतली, गुंडाळून तारेने बांधली की साडेतीन फूट व्यासाचं गोल कुंपण होतं. यात साधारण एक घनमीटर माल बसतो, आणि ढिगात उष्णता टिकायला तेवढा आकार लागतो. त्याहून लहान ढीग आतून नीट तापत नाही. जाळीच्या आतून हिरवी शेडनेट लावली, म्हणजे बारीक माल बाहेर सांडत नाही. खाली विटांवर फांद्यांचा वीतभर थर, हवा खालून शिरायला. वर पत्रा, जाळीपासून फूटभर उंच ठेवून. इंदूरला सप्टेंबरात पाऊस असतोच, आणि पिंपाचा खरा शत्रू तोच. जाळी, नेट आणि तार मिळून अठराशे रुपये लागले. पत्रा जुना होता.

थर असे: दोन बादल्या निर्माल्य किंवा भाजीची सालं, त्यावर एक बादली कोरडा पाला, त्यावर ओंजळभर जुनं खत. बाजारातलं कल्चर लागतंच असं नाही. आंबट ताक आणि गूळ पाण्यात कालवून शिंपडलं तरी चालतं, पण जुनं खत सगळ्यात भरवशाचं. पाला उन्हाळ्यातच गोळा करून पोत्यांत भरून ठेवा. ऑगस्टमध्ये कोरडा पाला शोधायला निघालात तर लाकडाच्या वखारीतून भुसा आणावा लागतो. भुसा घेतला तर प्रमाण कमी ठेवा, कारण त्यात कार्बन फार असतो आणि ढीग थंड पडतो. प्लायवुडचा भुसा नको, त्यात डिंक-रसायनं असतात.

मांडवात डबे ठेवले आणि वर पाट्या लावल्या की लोक वेगळं करून टाकतील, असं होत नाही. इंदूरकराला ओला-सुका सांगावा लागत नाही, घरी सगळे करतात. पण गर्दीत, हातात मूल आणि द्रोण असताना पाटी कोण वाचतो? डब्यापाशी माणूस उभा राहिला तर काम होतं. आम्ही आठवी-नववीच्या मुलांच्या पाळ्या लावल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. त्याहून जास्त वेळ लावली तर मुलं डबा सोडून मोदकांकडे जातात. डब्यांची तोंडंही वेगळी हवीत: सुक्याला वर फळी ठोकून नुसती फट, ओल्याला उघडं तोंड.

५ सप्टेंबरचा महाप्रसाद. सकाळी भाजी चोईथराम मंडीतून पोत्यांत आली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नाही. पोती परत पाठवली. साल-देठं पंचेचाळीस किलो निघाली, ती दुपारीच चिरून पिंपात. वाढप्यांना एकच सूचना होती: पहिल्यांदा कमी वाढा, पुन्हा विचारा. ताटातलं उष्टं सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास भरलं, म्हणजे पानामागे पंचेचाळीस ग्रॅम. ताट ठेवायच्या जागी उष्ट्याची बादली वजनकाट्याला टांगलेली होती आणि आकडा सगळ्यांना दिसत होता. त्याचा परिणाम होतो. काही आजोबा उरलेली पुरी गुपचूप खिशात घालून गेले, ते आम्ही वजनात धरलेलं नाही.

शिजलेलं उष्टं पिंपात घातलं नाही. तेल आणि मीठ असतं, वास सुटतो, उंदीर-कुत्री येतात. ते पाणी निथळून गाडीच्या ओल्या कप्प्यात गेलं. न वाढलेलं अन्न ही वेगळी गोष्ट. भात गरम असतानाच, दोन तासांच्या आत कुठे जाणार हे सकाळीच ठरवून ठेवा. गार झालेला भात रात्री उशिरा 'कुणाला तरी देऊ' म्हणणं धोक्याचं, भातात होणारे जंतू पुन्हा गरम केल्याने निष्प्रभ होतातच असं नाही.

तळणीच्या तेलाचं हलवायाबरोबरच्या कागदात लिहून घ्या: उरलेलं तेल मंडळाचं. नाहीतर ते पुढच्या ऑर्डरच्या कढईत जातं. तळून तळून तेलात जे घटक वाढतात त्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के आहे. त्यापुढे ते खाण्यात वापरता येत नाही, बायोडिझेलसाठी देता येतं. आमच्याकडे दहा लिटर उरलं. एवढ्यासाठी तेल गोळा करणारे येत नाहीत. जवळच्या ज्या फरसाणवाल्याकडून ते नियमित उचल करतात, त्याच्याकडे डब्यावर 'वापरलेलं' लिहून ठेवलं. मोरीत ओतलं तर ते थंड होऊन पाइपात साबणासारखं बसतं.

सुक्या कचऱ्यात पुठ्ठा, तेलाचे रिकामे डबे, गोणपाट आणि दही-दुधाच्या पिशव्या. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. चीर द्या आणि तुकडा लटकू द्या. सुटे कोपरे कुणालाच गोळा करता येत नाहीत. पिशव्या धुऊन, वाळवून, एकात एक भरून ठेवल्या तरच कबाडी घेतो. त्याच्याकडून सगळ्याचे मिळून सहाशे रुपयांच्या वर आले नाहीत. सुक्या कचऱ्याच्या विक्रीवर बजेट बांधू नका.

ज्यांना हिशेबच हवाय त्यांच्यासाठी: संचांचं भाडं ५,४००, भांडी धुणाऱ्या चौघांचे २,८००, टँकर ९००, साबण-चोथे ४००. एकूण साडेनऊ हजार. उसाच्या चोथ्याच्या ताट-वाट्या घेतल्या असत्या तर साधारण नऊ हजारांत काम झालं असतं. म्हणजे स्टील स्वस्त पडत नाही. पैसे वाचतील असं सांगून कमिटीला तयार कराल तर हिशेबाच्या बैठकीत तोंडघशी पडाल. फरक गाडीत दिसतो: एरवी पत्रावळींनीच भरून जाणारी गाडी या वेळी उष्ट्याच्या चार बादल्या घेऊन निघाली.

मूर्ती शाडूची, दोन फुटांची, नैसर्गिक रंगांची. ६ सप्टेंबरला मांडवातच मोठ्या टपात विसर्जन केलं. दागिने, वस्त्रं, फुलं आधी उतरवून घेतली. टपात पाणी मूर्तीच्या गळ्यापर्यंत पुरतं. खालून माती सुटत जाते तशी मूर्ती स्वतःच खाली बसते. पूर्ण विरघळायला दोन दिवस लागले, कारण पाठीकडची माती जाड होती. पाणी ढवळून कापडातून गाळलं, काड्या-काथ्या निघाल्या, मग चिमूटभर फिटकरी (तुरटी) फिरवून ठेवलं. सकाळी वर निवळ, खाली गाळ. निवळ पाणी हलक्या हाताने काढून घ्या. घाईत टप कलता केला की माती पुन्हा वर येते. गाळ जुन्या चादरीत बांधून टांगला, आठवड्याने मळण्याजोगा झाला. शाडू बागेत टाकू नका. त्यात झाडाला पोषण काही नाही आणि कुंडीतली माती घट्ट होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बांधून ठेवली की मूर्तिकार पुढच्या वर्षी घेतो, फक्त त्यात पीओपीचा कणही नको.

पिंपाला यानंतर आठवड्यातून एकदा उलटणी. तिसऱ्या दिवशी मधोमध घातलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर हाताला चटका बसत होता. खुणा सोप्या आहेत. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय; सडक्या अंड्याचा आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच उलटा. मूठभर माल घट्ट दाबला तर एक-दोन थेंब यावेत, धार नको. पांढऱ्या-करड्या गुबगुबीत अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात आणि काम लवकर उरकतात. चिलटं झाली तर वर पाल्याचा जाड थर. महिन्याभरात ढीग अर्ध्यावर येतो, मग पुन्हा तापत नाही. तिथून पुढे नुसतं मुरू द्यायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर चाळलं, वाळू चाळायच्या ४ मिलिमीटरच्या चाळणीतून. शहरी खताच्या सरकारी मानकात ९० टक्के माल याच मापाच्या चाळणीतून जावा असं आहे. तीस किलोच्या आसपास खत निघालं, काळपट, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. वस्तीत घरटी एकेक किलो वाटलं. चाळणीवर जे उरतं ते फेकून देण्याआधी पसरून बघा. आमच्या चाळणीवर शेंड्यांचे तुकडे, फांद्या, भोपळ्याचं देठ हे पुन्हा पिंपात गेलं. उरल्या सफरचंदावरच्या चिकटपट्ट्या, बऱ्याचशा, आणि स्टेपलच्या पिना. पिना घरून येणाऱ्या दूर्वांच्या जुड्यांना मारलेल्या होत्या. येत्या वर्षीच्या आरतीच्या पत्रकात म्हणून दोन ओळी वाढणार आहेत: जुडी दोऱ्याने किंवा दूर्वेनेच बांधा, आणि फळांवरची चिकटपट्टी घरीच काढून या.